अनुभव आणायचा कुठून?

मघाशी आत येताना एका मुलानं मला दारातच गाठलं. "सर, आयटीतल्या नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत दोन वर्षांचा अनुभव मागतात. पहिली नोकरीच मिळत नाही, तर ही दोन वर्षं आणायची कुठून?" त्याच्या आवाजात वैताग होता आणि तो रास्त आहे.

मी बरीच वर्षं मुलाखती घेतल्या आहेत. मुलाखत घेणाऱ्याला एकच धास्ती असते: हा माणूस अडला की काय करेल? गप्प बसून राहील, की कोणाला न विचारता चालू सर्व्हरवर हात मारेल? अनुभवाची अट हा त्या धास्तीवर शोधलेला सोपा उपाय आहे. तेव्हा अडल्यावर तुम्ही काय करता, एवढं दाखवता आलं तरी बरंच काम होतं. आणि त्यासाठी नोकरी लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. कोणीतरी म्हणतं, "इंटरनेट बंद पडलंय." नवखा माणूस लगेच राउटर बंद करून चालू करतो. कधी चालतंही, पण काय बिघडलं होतं ते कळत नाही. त्याऐवजी आधी गूगलचा ८.८.८.८ हा पत्ता पिंग करा, म्हणजे कमांड देऊन तिकडून उत्तर येतं का ते बघा. उत्तर आलं, म्हणजे वायफाय, राउटर, बाहेरची लाइन सगळं ठीक. आता एखाद्या वेबसाइटचं नाव घालून पिंग करा. "होस्ट सापडत नाही" असं आलं, तर नावाचा आकड्यात पत्ता करून देणारी डीएनएस यंत्रणा अडली आहे. आकड्यालाच उत्तर नाही आलं, तर आपल्या मशीनचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता, बघा. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. काही नेटवर्कवर पिंग मुद्दाम अडवलेलं असतं, तेही ध्यानात असू द्या. दोन-तीन कमांडमध्ये शंकेची जागा केवढी आकसली, बघा! सपोर्टचं निम्मं काम हेच आहे.

याचा सराव घरी होतो. कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स साधारण मशीनवर फुकट बसतं. त्यात लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घाला, वेबसर्व्हर चालू करा, आणि मग तो मुद्दाम बिघडवा. डिस्क भरून टाका. कॉन्फिग फाइलमधला एक अर्धविराम काढा. लॉग, म्हणजे मशीन स्वतः लिहून ठेवतं त्या नोंदी, उघडून वाचा. आधी स्नॅपशॉट, म्हणजे चालू स्थितीची जपून ठेवलेली प्रत, घेतलेला असला, की काहीही मोडलं तरी पाच मिनिटांत परत उभं राहतं. नोकरीत अशी मुभा कोणी देत नाही. मी स्वतः एकदा दूरच्या सर्व्हरवर फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारं अडवणारी भिंत, चालू केली आणि दुरून लॉगिन करायचा २२ क्रमांकाचा पोर्ट उघडा ठेवायला विसरलो. लॉगआउट केलं, आणि पुन्हा आत शिरायची वाटच बंद. काळजात धस्स झालं होतं. तुम्ही ही चूक घरच्या मशीनवर करून घ्या.

आणि जे केलं ते लिहून ठेवा. लक्षण काय होतं, आधी काय वाटलं, ते चूक का ठरलं, शेवटी कारण काय निघालं. एका मुलाखतीत एका मुलीनं माझ्यासमोर अशा नोंदींची वही ठेवली. पदवी दुसऱ्याच विषयाची, नोकरी एकही नाही. मी मधलंच एक पान उघडून प्रश्न विचारले. पानावर नव्हतं तेही तिनं सांगितलं, कारण ते तिनं हातानं केलं होतं. तिला आम्ही घेतलं.

प्रमाणपत्रांविषयी थोडक्यात. ए प्लस (कॉम्प्युटर सपोर्टचं) किंवा सीसीएनए (नेटवर्किंगचं) अर्जाच्या पहिल्या चाळणीतून पार व्हायला मदत करतात, अभ्यासाला शिस्तही लावतात. एक नीट करा, रांग लावू नका. व्हिडिओ बघून जसेच्या तसे उतरवलेले दहा प्रकल्प गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, टाकण्यापेक्षा तुमची खरी अडचण सोडवणारी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे काही ओळींचा प्रोग्रॅम, टाका. ती अपुरी असली तरी चालेल. १९९१ च्या ऑगस्टमध्ये लिनस टोर्वाल्ड्स हेलसिंकीत विद्यार्थी होता. आपली ऑपरेटिंग सिस्टिम अर्धवट असतानाच त्यानं लोकांना विचारलं, तुम्हाला यात काय हवंय? लिनक्स तिथून वाढलं.

हेल्पडेस्कच्या, म्हणजे लोकांच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी सोडवायच्या, नोकरीला कमी लेखू नका. आत शिरायला एवढं रुंद दार दुसरं नाही. तिथं तिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, बंद करताना "प्रॉब्लेम सुटला" एवढंच लिहू नका. "प्रिंटरचा आयपी बदलला होता, पोर्ट नवा केला, चाचणी पान छापून पाहिलं" असं लिहा. पुढच्या वेळी तुमच्या सहकाऱ्याचा अर्धा तास वाचेल, आणि वरच्या टीमला तुमचं नाव कळेल.

ही एक चिठ्ठी आली आहे. "मी सहा वर्षं हिशेबाचं काम केलं, नंतर चार वर्षं घरी होते. आता उशीर झाला का?" नाही ताई. ताळेबंद जुळत नसला की तुम्ही एकेक नोंद मागे जात फरक शोधत होतात ना? लॉग तसाच वाचतात. तुम्ही एसक्यूएलपासून, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेपासून, सुरुवात करा, टेबल आणि बेरजा तुमच्या ओळखीच्याच आहेत. मधल्या चार वर्षांबद्दल विचारलं तर एका वाक्यात खरं सांगा, आणि लगेच तुम्ही लिहिलेली एखादी क्वेरी, म्हणजे त्या भाषेतला प्रश्न, त्यांच्यासमोर ठेवा. कार्यक्रम संपल्यावर थांबा, पहिली क्वेरी आपण इथंच लिहू.