पाळकसाहेब, तुम्ही जेवले का?

हा डबा बघा. स्टीलचा, तीन कप्प्यांचा, कडी ढिली झालीये म्हणून वरून रबर लावलाय. 2021 च्या एप्रिलमध्ये हा रोज दुपारी मेकोसाबागेतून निघायचा आणि मोहननगरात नाहीतर जरीपटक्यात कोणाच्या तरी फाटकाला लटकायचा. बेल वाजवायची, दहा पावलं मागं सरायचं, दार उघडून माणूस दिसला की मगच गाडीला किक मारायची. आणि डबा पोचवणारे होते आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक.

तो महिना नागपूरकरांना वेगळा काय सांगायचा. दिवसाला 7,000 च्या वर पॉझिटिव्ह निघत होते, कोणी बेडसाठी फोन करतंय, कोणी ऑक्सिजनसाठी, आणि चर्चला कुलूप, उपासना मोबाईलवर. पाळकांकडे एक लांबट वही होती, प्रत्येक घराला एक पान, कोण आजारी, कोणाचा ताप उतरला, कोणाशी कधी बोलणं झालं, सगळं त्यात. काही नावांपुढे नंतर बारीकसा वधस्तंभ काढलेला दिसतो, तिथं पेनानं कागद थोडा फाटलाय.

दफनविधीला घरचे येऊ शकत नव्हते. दोन-चार माणसं पीपीई किटमध्ये, पाळक लांब उभे, हातात मोबाईल स्पीकरवर, पलीकडे अख्खं घर ऐकतंय, आणि ते 23 वं स्तोत्र वाचताहेत. मृत्युछायेच्या दरीची ओळ आली की वाऱ्यानं आवाज तुटायचा, घरचे म्हणायचे, पुन्हा वाचा ना. ते पुन्हा वाचायचे. एका आठवड्यात किती वेळा वाचलं ते त्यांनी मोजलं नाही.

मग एका सकाळी झूमवर प्रार्थना सुरू झाली आणि पाळक बोलेचनात. बराच वेळ गेला, आम्हाला वाटलं नेट गेलं. मग ते एवढंच म्हणाले, "आज माझ्याच्यानं होत नाही. तुमच्यापैकी कोणीतरी माझ्यासाठी प्रार्थना करा."

सगळे गप्प. मग एका आजीनं, रिटायर्ड नर्स आहेत त्या, कसंबसं म्यूट काढलं आणि विचारलं, "पाळकसाहेब, आधी हे सांगा, तुम्ही जेवले का?"

ते जेवले नव्हते. आदल्या रात्रीपासून.

दुसऱ्या दिवसापासून डबा उलटा फिरला, म्हणजे त्यांच्या फाटकाला लटकायला लागला. वहीची पानं सहा जणांनी वाटून घेतली, फोन करायचं काम तरुण पोरांकडे गेलं. मला मनापासून वाटतं की त्या पूर्ण वर्षात पाळकांनी मंडळीला सगळ्यात जास्त पुढं नेलं ते त्या सकाळी, कारण तोवर आम्ही सगळे त्यांच्या खांद्यावर होतो आणि त्यांना खांदा आहे हेच विसरलो होतो.

पवित्र शास्त्रात हेच आहे की. एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली पडलाय, देवा आता पुरे, मला मरण दे म्हणतोय, आणि देवदूत येऊन त्याला उपदेश करत नाही, ऊठ, खा म्हणतो. भाकर आणि पाणी. तो खातो, पुन्हा झोपतो, देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला घालतो, पुढची वाट लांबची आहे म्हणतो. कामाचं बोलणं त्यानंतर. आणि मोशेचंही तसंच, लढाई चालू असताना वर धरलेले हात जड झाले तेव्हा खाली बसायला दगड दिला, एका बाजूनं अहरोन, एका बाजूनं हूर, आणि सूर्य मावळेपर्यंत दोघांनी हात धरून ठेवले. एकट्या मोशेचे हात टिकलेच नसते.

नागपूरच्या मातीला हे नवीन नाही. स्कॉटलंडहून मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये इथं आले, दुसऱ्या वर्षी शाळा काढली. मागाहून सोबतीला आलेले हंटर आजारपणामुळे मायदेशी परतले. 4 सप्टेंबर 1863, टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे गोलात मांडलेले जुने दगड, बघून हिस्लॉप रात्री घोड्यावरून बोरीकडे निघाले, तीच बोरी जिच्या आसपास आज आपली बुटीबोरी एमआयडीसी आहे, आणि वाटेत पुराच्या पाण्यात बुडाले. घोडा एकटाच आला. हिस्लॉप म्हटलं की आपण त्यांचे दगड, जीवाश्म, गोंडांवरचं लिखाण हे सगळं सांगतो, सांगायलाच पाहिजे, पण मला आठवतात ती रिकामा घोडा बघणारी माणसं. त्यांचं काय झालं असेल त्या रात्री. तरी काम थांबलं नाही, 20 वर्षांनी, 1883 मध्ये, त्यांच्या नावाचं कॉलेज सुरू झालं, ते आजही आहे.

आमची वही पण सुरू आहे. आता तिच्यात कोविड नाही, कोणाची नोकरी गेलीये, कोणाचं डायलिसिस आहे, एका घरी मुलगा बोलत नाही आईबापाशी. पाळक महिन्यातून एक रविवार सुट्टी घेतात, त्या दिवशी वचन दुसरं कोणी सांगतं, आधी लोकांना खटकलं, आता नाही.

आणि डबा आजकाल त्या आजींकडे जातो. गुडघ्यांनी त्यांना चालवत नाही. परवा या व्हिडिओच्या शूटिंगसाठी आम्ही डब्याच्या मागं मागं गेलो, त्यांनी दार उघडलं, डब्याचा रबर काढून हरवू नये म्हणून मनगटात घातला, झाकण उघडून वरणाचा वास घेतला, मग आमच्या कॅमेऱ्याकडे बघितलं.

"तुम्ही जेवले का रे पोट्टेहो?"

नाही म्हटलं तर ताटं काढायला लागल्या.