साइटवरचा मामा, कॉकपिटमधली भाची

नमस्कार श्रोतेहो. बारावीनंतर स्थापत्य अभियांत्रिकीला जावं की वैमानिक व्हावं, असं मुलं विचारतात तेव्हा त्यांना वाटतं, एक काम मातीतलं आणि दुसरं आभाळातलं. मी तीस वर्षं साइटवर आहे, माझी भाची विमान चालवते. आणि आम्ही दोघं जेवायला बसलो की गप्पा एकाच ठिकाणी येतात.

स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी मी तपासणीचा तक्ता घेऊन सळ्यांवरून फिरतो. सळ्या तळाला टेकू नयेत म्हणून ठेवलेले ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, निसटलेत का, टेकू ओळंब्यात आहेत का, बघतो. काँक्रीट पडलं की यातलं काही दिसत नाही. भाची उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारते, मग कॉकपिटमध्ये तक्ता मोठ्याने वाचते. तोंडपाठ असला तरी वाचतेच. त्यामागे 1935 सालचा अपघात आहे. अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं नवं विमान उडताच कोसळलं. जमिनीवर असताना वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून लावलेली खीळ काढायची राहिली होती. वैमानिक चांगले कसलेले होते हो! त्यानंतर वैमानिकांच्या हाती तक्ता आला.

एकदा रात्री नऊला काँक्रीटची गाडी दोन तास उशिरा आली. माल किती घट्ट आहे ते बघायला शंकूच्या साच्यात त्याचे तीन थर भरले, दर थराला सळईचे पंचवीस ठोके दिले, साचा उचलला. माल खाली बसायला हवा होता, तो तसाच उभा! माणसं खोळंबलेली. "साहेब, थोडं पाणी मारू," मुकादम म्हणाला. मी गाडी परत पाठवली. भाची म्हणाली, "मामा, हा तुमचा गो-अराउंड." धावपट्टी समोर आहे, पण विमान नीट स्थिरावलेलं नाही, अशा वेळी उतरायचं सोडून पुन्हा वर जायचं.

मी तिला कॅनडातल्या क्वेबेक पुलाची गोष्ट सांगितली. 1907 साली, काम चालू असतानाच खालच्या पोलादी भागाला बाक आला. तिथल्या अभियंत्याने तो मोजला, सुमारे 57 मिलिमीटर, आणि न्यूयॉर्कला जाऊन सल्लागार थिओडोर कूपर यांना सांगितला. कूपरनी 29 ऑगस्टला तार केली, पुलावर आणखी भार टाकू नका. तार गेली पूल बांधणाऱ्या पेनसिल्व्हेनियातल्या कंपनीकडे. पुलावर काम चालूच राहिलं. त्याच संध्याकाळी पूल पडला, 75 कामगार गेले.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, आमच्याकडे कॉकपिटमधल्या दोघा वैमानिकांपैकी कुणीही गो-अराउंड म्हणालं, की दुसऱ्याने ऐकायचंच. मग तो कॅप्टन का असेना."