बादरायण संबंध

नमस्कार श्रोतेहो. आज जरा घरचंच सांगतो, म्हणजे अगदी घरचं नाही, व्याह्यांकडचं. आमच्या मुलीनं अमेरिकेत मिसूरी राज्यातला मुलगा बघितला, लग्न झालं, सगळं छान चाललंय, त्याबद्दल काही नाही. पण पहिल्यांदा आम्ही तिकडे गेलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर विहीणबाईंनी पहिलं वाक्य काय टाकावं, तर म्हणाल्या, आमच्या माहेरचं आडनाव जेम्स, आम्ही जेसी जेम्सचे. आता आपल्याकडे लोक पाहुण्यांना सांगतात की आमचे पणजोबा इनामदार होते नाहीतर कीर्तनकार होते, आणि ही बाई ट्रेन आणि बँका लुटणाऱ्या माणसाचं नातं असं सांगते जसं काही घरात पद्मश्री आलीये. मी विचारलं, कोण लागतो तुमचा? त्या म्हणाल्या, कझिन.

बस, इथेच माझी झोप उडाली. कारण मी आयुष्यभर नोकरी केली ती जमिनीच्या रेकॉर्डची, फेरफार आणि वारस नोंदी बघण्यात केस पिकले, आणि आमच्याकडे कोणी येऊन म्हणालं ना की साहेब मी मयताचा भाऊ, तर पहिला प्रश्न असतो, सख्खा, चुलत, मावस, मामे की आते? कझिन हा काय शब्द आहे? त्यात चौघंही बसतात, आणि चौघांचे चुलत-मावसही बसतात. आपली आजी हे ऐकती तर म्हणाली असती, यांना नातीच नाहीत बाई.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जेसी जेम्स जन्मला १८४७ साली मिसूरीच्या क्ले परगण्यात. बाप रॉबर्ट जेम्स, चर्चमधला धर्मोपदेशक, तो १८५० मध्ये सोन्याच्या नादानं कॅलिफोर्नियाला गेला आणि तिकडेच वारला. आई झिरेल्डा, भलतीच खमकी बाई, तिनं पुढे आणखी दोन लग्नं केली. मोठा भाऊ फ्रँक. अमेरिकेत यादवी युद्ध झालं त्यात हे दोघं दक्षिणेच्या बाजूनं गनिमी टोळ्यांत होते, आणि युद्ध संपलं तरी यांचं संपलं नाही, मग बँका, मग आगगाड्या. शेवटी ३ एप्रिल १८८२ ला सेंट जोसेफ गावात, थॉमस हॉवर्ड असं खोटं नाव घेऊन राहत असताना, भिंतीवरची तसबीर सारखी करायला जेसी खुर्चीवर चढला आणि त्याच्याच टोळीतल्या रॉबर्ट फोर्डनं मागून गोळी घातली. जेसीच्या पोराला तोपर्यंत स्वतःचं खरं आडनावसुद्धा माहीत नव्हतं म्हणे, आणि इकडे दीडशे वर्षांनी निम्म्या मिसूरीला खात्री की ते आडनाव आमचंच.

तर आम्हाला तिकडे सहा महिने काढायचे होते, बर्फात बाहेर जायची सोय नाही, म्हटलं चला, विहीणबाईंचा फेरफार काढू.

आता गंमत बघा. मी आधी जेसीच्या बाजूनं खाली यायला लागलो, आणि पहिल्याच दिवशी एक गोष्ट समजली ती मला आजही फार आवडते. जेसीला जगलेली मुलं दोन. मुलगा जेसी एडवर्ड्स, ज्याच्यावर १८९८ मध्ये ट्रेन लुटल्याचा आरोप झाला, तो निर्दोष सुटला आणि पुढे चक्क वकील झाला, आणि मुलगी मेरी. मुलाला झाल्या चार मुली. मुलगा एकही नाही. मेरी लग्न करून बार आडनावाची झाली, तिची मुलंही बार. आणि फ्रँकला एकच मुलगा, त्याला मूलबाळ नाही. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर या दोन्ही भावांचं आडनाव पुढच्या दोन पिढ्यांत बुडालं. त्यामुळे कोणी जर आज म्हणालं की माझं आडनाव जेम्स, बापाकडून आलंय, म्हणून मी जेसीचा थेट वंशज, तर ते आडनावच त्याच्या विरुद्धचा पुरावा आहे! मी हे विहीणबाईंना सांगितलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, मी थेट कुठे म्हटलं, मी कझिन म्हटलं. बाई हुशार आहेत.

मग राहिली चुलत घराणी. जेसीच्या बापाला बरीच भावंडं, मूळ घर व्हर्जिनियातून केंटकीच्या लोगन परगण्यात आलेलं, त्यातला एक काका ड्रूरी जेम्स तर थेट कॅलिफोर्नियात जाऊन पासो रोब्लेस गाव वसवणाऱ्यांपैकी एक झाला. तेव्हा जेम्स आडनावाचा खरा नातेवाईक निघालाच तर तो या काकांच्या वंशातला निघणार.

आता इथे डीएनएचं सांगतो कारण प्रत्येक जण तेच विचारतो, एवढं कशाला, थुंकी द्या नळीत आणि मोकळे व्हा. आणि मला हे समजावून घेताना जाणवलं की ही तपासणी आपल्या मराठी नात्यांसाठीच बनवलीये की काय. एक तपासणी असते वाय गुणसूत्राची, ते फक्त बापाकडून मुलाला जातं, म्हणजे ती सख्ख्या चुलत भावांत जुळते. दुसरी मायटोकाँड्रियाची, म्हणजे पेशीतल्या एका छोट्या भागातल्या डीएनएची, ते आईकडून सगळ्या मुलांना जातं पण पुढे फक्त मुलीच नेतात, म्हणजे ती मावस भावंडांत जुळते. आणि आते-मामे भावंडं बिचारी दोन्हीतून बाहेर. बघा, इंग्रजीत सगळे कझिन, पण रक्ताला मात्र चुलत आणि मावस यातला फरक बरोब्बर कळतो.

हे नुसतं पुस्तकी नाहीये. जेसी मेलाच नाही, तो मी आहे, असं सांगणारे म्हातारे नंतर कितीतरी वर्षं उगवत होते, टेक्सासमध्ये १९५१ ला वारलेला जे. फ्रँक डाल्टन त्यातला सगळ्यात गाजलेला. म्हणून १९९५ साली केअर्नी गावात जेसीची कबर उकरली. आता जुळवायचं कोणाशी? तुम्ही म्हणाल मुलाच्या नातीपणतींशी. नाही चालत! त्यांच्यात जेसीच्या सुनेकडचं मायटोकाँड्रिया, जेसीचं नाही. जेसीला मिळालं ते आई झिरेल्डाकडून, तेच मिळालं त्याची बहीण सुसान हिला, म्हणून सुसानच्या मुलीच्या मुलीकडून अशा बायकाबायकांच्या ओळीनं खाली आलेले वंशज शोधले, दातांमधून निघालेलं डीएनए त्यांच्याशी ताडून बघितलं, आणि जुळलं. ऑस्ट्रेलियातला गाजलेला दरोडेखोर नेड केली, त्याचंही असंच. १८८० ला मेलबर्नमध्ये फाशी गेलेला पोरगा, वय २५, लग्न नाही, नोंदीत कुठे मूलबाळ नाही, आणि त्याची हाडं २०११ मध्ये ओळखली ती बहिणीच्या पणतूमुळे. तेव्हा तिकडे कोणी नेड केलीचा वंशज म्हणून भेटला तर त्याला आधी विचारा, कुठल्या बहिणीचे?

परत विहीणबाई. त्यांना वाय नाही, भाऊ आहे पण तो म्हणाला माझी थुंकी मी कोणाला देणार नाही, विषय संपला. मायटोकाँड्रिया त्यांच्या आईकडचं, जेम्सशी संबंध नाही. राहिली ती सर्वसाधारण तपासणी, ज्यात दोन्हीकडचं मिसळून येतं, आणि तिची अडचण अशी की दर पिढीला ते अर्ध्यावर येतं. सख्ख्या चुलत भावाशी साधारण साडेबारा टक्के, त्यांच्या मुलांमध्ये आपसात तीन टक्के, आणि नातवंडांच्याही पुढच्या फळीत तर निम्म्या वेळा काहीच जुळत नाही, नातं खरं असूनसुद्धा. त्यात जेसीनं केलं काय, तर सख्ख्या आत्याच्या मुलीशी लग्न. तिचं नावही झिरेल्डाच, सासूवरून ठेवलेलं, घरात म्हणायचे झी. आपल्याकडे बऱ्याच घरांत मामाची मुलगी चालते आणि आत्याची अजिबात नाही, तिकडे उलटं, ते असो, पण त्यामुळे त्यांच्या मुलांत जेम्स रक्त दोन्ही बाजूंनी आलं आणि टक्केवारीवरून नातं आहे त्याहून जवळचं वाटू शकतं. म्हणून मी म्हटलं, थुंकी पाठवा, पण आधी कागद.

कागद म्हणजे सेन्सस, आपली जनगणना. तिकडे दर दहा वर्षांनी होतो आणि ७२ वर्षांनी जनतेला खुला करतात, १९५० चा २०२२ मध्ये खुला झाला, फॅमिलीसर्च नावाच्या वेबसाइटवर फुकट बघता येतो. आपण खालून वर जायचं, स्वतःपासून बापाकडे, बापापासून आजोबांकडे, एकही पायरी गाळायची नाही, आणि हीच चूक सगळे करतात, प्रसिद्ध माणसापासून उडी मारून आपल्या अंगणात उतरतात. विहीणबाईंचे वडील १९३० च्या पानावर सापडले, आजोबा १९०० मध्ये, त्या वर्षी जन्माचा महिनासुद्धा लिहून घ्यायचे. १८९० चा कागद जवळपास सगळा गेलाय, १९२१ मध्ये वॉशिंग्टनला आग लागली त्यात. म्हणून एकदम १८८०. आणि १८५० च्या मागे गेलात तर फक्त घरकर्त्याचं नाव, बाकी सगळे आकडे. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, जेम्सच्या शेतावर गुलाम होते, आणि १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आहे, त्या माणसांचं नाहीच, नुसतं वय, लिंग आणि रंग. पुढे १८७० च्या पानांवर अशी माणसं पहिल्यांदा नावानिशी येतात, त्यातली काही जुन्या मालकाचं आडनाव लावून. आडनावावरून नातं सांगणाऱ्यांनी हे पण लक्षात ठेवावं.

तर १८८० चं पान. रात्रीचे साडेअकरा, घरात सगळे झोपलेले, मी लॅपटॉपला नाक लावून. तपकिरी शाई, तिरकं अक्षर, लिहिणारा कंटाळलेला दिसतो कारण निम्म्या रकान्यांत नुसते वरीलप्रमाणेचे दोन टिंब. आणि पणजोबा सापडले! वय २२, कोळशाच्या खाणीत कामाला, नात्याच्या रकान्यात मुलगा, म्हणजे वर लिहिलेला तो बाप, नात्याचा रकाना याच वर्षापासून सुरू झाला ते माझं नशीब. आता त्या वर्षीच्या फॉर्मला उजव्या टोकाला तीन रकाने असतात, स्वतःचं जन्मस्थान, बापाचं, आईचं. पणजोबांपुढे पहिल्या रकान्यात ओहायो. दुसऱ्यात एक शब्द, सुरुवातीचं अक्षर असं फुलवलेलं की मला तो व्हर्जिनिया वाटला आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो. मग पान मोठं करून बघितलं, शेजारच्या घरातलं तेच अक्षर ताडलं. वेल्स. आईपुढे पण वेल्स. वरच्या ओळीत बापापुढे तिन्ही ठिकाणी वेल्स, वेल्स, वेल्स.

संपलं. म्हणजे हे जेम्स समुद्रापलीकडून एका पिढीपूर्वी आलेले, ते जेम्स कितीतरी आधीपासून व्हर्जिनियात. वेल्समध्ये जेम्स हे आडनाव आपल्याकडच्या पाटलांसारखं, जागोजागी.

सकाळी कॉफी घेताना सांगितलं. मला वाटलं बाईंना वाईट वाटेल, म्हणून मी आपला बोरीच्या झाडाचा किस्सा सांगितला, की आमच्याकडे यालाच बादरायण संबंध म्हणतात, तुमच्या दारात बोरीचं झाड आणि आमच्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं, म्हणून आपण नातेवाईक, आणि या नात्यावर पाहुणा जेवून गेला. त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, नळीचा रिझल्ट येऊ दे.

सहा आठवड्यांनी आला. यादीत वरच्या बाजूला कोलोरॅडोचे एक गृहस्थ, जवळपास तीन टक्के जुळलेले, आडनाव जेम्स. कागद लावला तर पणजोबांच्या दुसऱ्या मुलाचे नातू, म्हणजे विहीणबाईंचे चुलत-चुलत भाऊ. आयुष्यात एकमेकांना पाहिलेलं नाही. विहीणबाईंनी लांबलचक ओळखीची मेल लिहिली, वेल्सचं सगळं सविस्तर कळवलं. त्यांचं उत्तर आलं तीन ओळींचं, आणि त्यातली पहिली ओळ अशी की भेटून आनंद झाला, तुम्हाला माहीत असेलच, आपण जेसी जेम्सचे.

मला तर हा पुरावाच वाटला. दोन भाऊ तरुणपणी दोन दिशांना गेले, त्यांच्या घरांचं पुढे कधी येणं-जाणं नाही, तरी दोन्हीकडे तीच गोष्ट, शब्दाला शब्द. म्हणजे ती फुटाफुटीच्या आधीची, त्या दोघांच्या बापाच्या तोंडची. १८८० मध्ये मिसूरीत जेम्स आडनावाचा बावीस वर्षांचा खाणकामगार, पेपरात रोज जेसीची बातमी, खाणीत शंभर जणांनी तरी विचारलं असेल, काय रे, तुझा कोण? एकदा कंटाळून किंवा एकदा मजेत म्हणाला असेल, कझिन.

विहीणबाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कप धुऊन ठेवला, आणि मला विचारलं, पण मग कंटाळून म्हणाले की मजेत, ते कुठल्या सेन्ससमध्ये सापडेल?

मी म्हटलं, बाई, तो रकाना नाहीये. त्या म्हणाल्या, मग खरं असेल म्हणून म्हणाले, हा पण नाही ना रद्द होत? मी तेवढ्यात उठून माझाही कप धुवायला घेतला. नमस्कार.