डार्विनची झोप उडवणारं गणित

नमस्कार! उत्क्रांतीवरचा वाद शिकवायचा म्हटलं की हमखास एकच प्रसंग सांगितला जातो. साल 1860, ऑक्सफर्ड. बिशप विल्बरफोर्स विरुद्ध डार्विनचा समर्थक, जीवशास्त्रज्ञ हक्सली, आणि 'तुमचं माकडाशी नातं आजोबांकडून की आजीकडून?' हा टोमणा. प्रसंग रंगतो, पण त्या सभेत नेमकं कोण काय बोललं याची शब्दशः नोंदच नाही! शिवाय डार्विनला खरा घोर लागला तो बिशपमुळे नव्हे, एका भौतिकशास्त्रज्ञामुळे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन.

नैसर्गिक निवडीला, म्हणजे परिस्थितीला जुळणारे गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकून सजीव बदलत जाण्याला, वेळ लागतो. प्रचंड वेळ. उत्क्रांती मांडणाऱ्या 1859च्या पुस्तकात डार्विननं दक्षिण इंग्लंडमधल्या वील्ड भागाची झीज व्हायला सुमारे 30 कोटी वर्षं लागली असतील, असा अंदाज दिला होता. त्यावर टीका झाली आणि तो आकडा त्यानं पुढे काढूनच टाकला.

आता केल्विनचा हिशोब बघा. खाणीत जसजसं खोल जावं तसतसा उकाडा वाढतो. म्हणजे पृथ्वी आतून गरम आहे आणि उष्णता बाहेर जातेय. सुरुवातीला ती वितळलेली होती असं धरा, आणि आजच्या अवस्थेला यायला किती काळ लागला ते काढा. 1862मध्ये उत्तर आलं 2 ते 40 कोटी वर्षं. 1897पर्यंत ते 2 ते 4 कोटींवर उतरलं. एवढ्यात माशापासून माणूस? अशक्य!

चूक कुठे होती? बहुतेक ठिकाणी तुम्ही वाचाल की केल्विनला किरणोत्सर्ग, म्हणजे खडकांतल्या काही मूलद्रव्यांतून आपोआप बाहेर पडणारी ऊर्जा, माहीत नव्हता; त्यातून पृथ्वीच्या आत उष्णता तयार होत राहते. ते खरंय, पण अर्धंच. 1895मध्ये त्याचाच जुना सहायक जॉन पेरी म्हणाला होता: पृथ्वी आतून घट्ट दगडासारखी आहे हे गृहीतच का धरता? आतला भाग मंद गतीनं वाहत असेल, तर उष्णता खालून वर येत राहील आणि वय कैक पटींनी वाढेल. आज आपण सुमारे 454 कोटी वर्षं मानतो.

शिक्षकांनो, एक करून बघा. उत्तर आधी सांगू नका. फळ्यावर डार्विन आणि केल्विन दोघांचे आकडे लिहा आणि विचारा, '1870मध्ये तुम्ही कोणाच्या बाजूनं असता?' बरेच हात केल्विनसाठी वर जातील. जाऊ द्या. कारणंही विचारा. पेरीचं नाव त्यानंतर काढा.