अनुदान तीन वर्षं थांबतं, मग सोबती का थांबत नाही?

मंडळी, मला दिलेला विषय आहे शेतकरी आणि शेतीमाल प्रक्रिया उद्योगांसाठी निधी, प्रशिक्षण आणि मार्गदर्शनाच्या संधी. तिन्हींवर बोलतो, फक्त क्रम उलटा घेतो. योजनांची नावं इथल्या बहुतेकांना पाठ आहेत, शेवटी दहा मिनिटांत ती उजळून घेऊ. आधी मार्गदर्शन. गेली काही वर्षं मी हाच एक मुद्दा जिथं जागा मिळेल तिथं मांडतो आहे.

एक काम करा. ज्यांच्या घरी अन्नप्रक्रियेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आहे, त्यांनी हात वर करा. छान, अर्धं सभागृह आहे. आता ज्यांच्या मोबाइलमध्ये त्या प्रशिक्षकाचा नंबर आहे आणि गेल्या वर्षभरात त्याच्याशी एकदा तरी बोलणं झालंय, तेवढेच हात वर ठेवा. (हशा) हसू नका, खाली गेलेले हात नीट बघा. आजचं माझं सगळं बोलणं त्या हातांबद्दल आहे.

नंदुरबार भागातला महिलांचा एक गट माझ्या परिचयाचा आहे. नंदुरबारची मिरची तुम्हाला सांगायला नको. हंगामात मिरची वाळवायच्या पथारींवर लाल गालिचा पसरलेला असतो आणि अवकाळीचा ढग दिसला की सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. तर या बायकांनी ठरवलं, मिरची विकण्यापेक्षा पूड विकू. विचार उत्तम. प्रशिक्षण झालं, प्रकल्प अहवाल तयार झाला, कर्ज मंजूर झालं, मशिन आलं. ज्या शेडमध्ये ते बसवायचं तिथं सिंगल फेज, आणि मशिनला हवं थ्री फेज. अहवालात विजेचा रकाना होता, त्यात महिन्याचं बिलही लिहिलेलं होतं, पण शेडपर्यंत कुठली लाइन येते हे जाऊन पाहायचं काम कुणाचंच नव्हतं. मशिन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं आणि हप्ता सुरू.

वीज आली. तोवर हंगाम सरला होता. लाल मिरचीची मोठी आवक हिवाळ्यात, पूड मात्र वर्षभर विकायची. म्हणजे माल त्या तीन-चार महिन्यांतच भरून ठेवायला हवा आणि त्यासाठी एकरकमी पैसा हवा. बँकेनं कर्ज दिलं होतं मशिनला. खेळतं भांडवल मागायचं असतं हे बायकांना माहीत नव्हतं, आणि अहवाल लिहिणाऱ्यानं बारा महिने सारखंच उत्पादन धरलं होतं. कागदावर मिरचीला हंगामच नव्हता.

तरीही त्या मागं हटल्या नाहीत. देठं खुडून हातांची आग आग होत होती, रात्री झोप नाही, पण पूड तयार झाली, पाकिटं दुकानांत गेली आणि काही दिवसांनी परत आली. आत गुठळ्या, कुबट वास. मिरचीत खोट असणार म्हणून व्यापारी बदलला. पुन्हा तेच.

मग एका बाईच्या घरी लग्न होतं. त्या लग्नाला तिच्या माहेरचे एक काका आले. आयुष्यभर मसाल्याची गिरणी चालवलेला माणूस. सहज शेडमध्ये डोकावले. पोत्यात हात घालून त्यांनी एक मिरची काढली आणि वाकवली. मोडली नाही, चामड्यासारखी वळली. म्हणाले, "ही अजून ओली आहे ताई, आणखी दोन उन्हं द्या." मग मशिन चालू करायला सांगितलं. बाहेर पडणारी पूड मुठीत धरून म्हणाले, "ही एवढी गरम पूड तुम्ही लगेच पाकिटात भरता?" भरत होत्या. काकांनी सांगितलं, "पहाटेच्या गारव्यात दळा, मशिनचं मिरची ओतायचं तोंड, हॉपर, कोंबून भरू नका, पूड स्वच्छ ताडपत्रीवर पातळ पसरा, पूर्ण निवाली की चाळा आणि मग भरा. गरम पूड भरली की तिची वाफ पाकिटातच पाणी होऊन बसते." जाता जाता त्यांनी हिशोबाची वहीही मागितली. देठ, ओलावा आणि दळताना उडणारी पूड, ही सगळी तूट दरात धरलेलीच नव्हती. प्रत्येक पाकिटामागं बायका पदरचे पैसे घालत होत्या.

एवढं सगळं एका दुपारी झालं, आणि तेही लग्नाचा मुहूर्त होता म्हणून. मला विचाराल तर हा योगायोग फार महाग आहे. त्या काकांची वाट पाहण्यात गटाचा एक हंगाम गेला होता.

कुणी म्हणेल, लहान गटांचं असं होतंच. मोठ्यांचंही होतं. 2010 चा द्राक्षाचा हंगाम इथल्या नाशिककरांना आठवत असेल. युरोपात आपली द्राक्षं अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या औषधाच्या मालात उरलेल्या अंशांमुळं. त्यालाच आपण बागेत सीसीसी म्हणतो. बागायतदार तयारीचे, कर्ज घेतलेलं, शीतगृहं उभी. फवारणी वर्षानुवर्षांची. कमी पडली ती समोरच्या बाजारात कुठला अंश कितपत चालतो याची वेळेवर मिळालेली खबर. कितीतरी बागायतदार आणि निर्यातदार त्यात कंबरेत मोडले. विलास शिंदे यांची सह्याद्री शेतकरी उत्पादक कंपनी त्याच सुमारास उभी राहत होती. तिथं बागेपासून पॅकहाऊसपर्यंत तज्ज्ञ माणूस शेतकऱ्याच्या बरोबर असतो, हे मला तिथल्या शीतगृहांपेक्षा मोठं वाटतं.

आणि हे आपल्याकडं नवंही नाही. प्रवरानगरचा साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभारला, तेव्हा अध्यक्षपदी होते पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. एवढा मोठा अर्थशास्त्रज्ञ. एखादं भाषण करून, फेटा बांधून घेऊन परत जाता आलं असतं. ते कारखान्याच्या कारभारात वर्षानुवर्षं राहिले. आज आपण ज्याला मेंटॉरशिप म्हणतो, तिचं याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. तर कबूल केलेलं भराभर सांगतो.

निधी. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना 2020 मध्ये सुरू झाली. प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के अनुदान, कमाल 10 लाख रुपये, स्वतःचे किमान 10 टक्के, बाकी बँकेचं कर्ज. बचत गटाच्या सदस्याला खेळतं भांडवल आणि लहान अवजारांसाठी 40 हजारांपर्यंत बीजभांडवल, ते उमेद, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत. गोदाम, शीतगृह, प्रतवारी केंद्र यांसाठी कृषी पायाभूत सुविधा निधी आहे. त्यात 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षं व्याजात 3 टक्के सवलत मिळते. शेतकरी उत्पादक कंपनीला केंद्राच्या दहा हजार एफपीओ, म्हणजे शेतकरी उत्पादक संस्था, योजनेत तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च आणि 15 लाखांपर्यंत समभाग अनुदान ठेवलेलं आहे. आकडे आणि मुदती बदलतात, म्हणून अर्जाआधी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात ताजा आदेश बघाच.

प्रशिक्षण. कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे, तिथं जा. आरसेटी म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, राहून-खाऊन मोफत, आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा करणं हे त्यांचं कामच आहे. तो हक्कानं मागा. कृषी पदवीधर मुलामुलींसाठी हैदराबादच्या मॅनेज या कृषी विस्तार संस्थेची कृषी चिकित्सालय योजना आहे, 45 दिवसांचं मोफत निवासी प्रशिक्षण.

आता माझा मूळ मुद्दा, दोन मिनिटांत. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अनुदान लगेच हातात पडत नाही. ते बँकेत वेगळं ठेवलेलं असतं. कर्जाचा शेवटचा टप्पा मिळाल्यापासून तीन वर्षांनी खातं नियमित आणि उद्योग चालू असेल, तरच ते कर्जात वळतं होतं. अट योग्य आहे, माझी तक्रार नाही. मदतीसाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते आणि तिला प्रत्येक मंजूर कर्जामागं 20 हजार रुपये मिळतात. निम्मे कर्ज मंजूर झाल्यावर, निम्मे नोंदण्या, परवाना, प्रशिक्षण होऊन काम सुरू झाल्यावर. म्हणजे उद्योजकाची परीक्षा तीन वर्षं चालते आणि त्याच्या सोबत्याचा मेहनताना पहिल्याच वळणावर संपतो. ही माणसं वाईट नाहीत, त्यातली कितीतरी पदरमोड करून गावोगाव फिरतात. पण पैसे कागदाचे मिळतात, म्हणून कागद पुरे होतात. एफपीओ योजनेत सीबीबीओला, म्हणजे शेतकरी कंपनी उभी करून देणाऱ्या संस्थेला, पाच वर्षं सोबत राहायचं असतं, म्हणजे सरकारला ही गोष्ट अमान्य नाही. मग गावातल्या एकट्या मिरचीवाल्या गटाला ती का नको?

माझी मागणी अशी. मानधन वाढवा आणि त्याचा मोठा हिस्सा तीन वर्षांवर विभागा, दर हंगामाला एक भेट, शेवटचा हप्ता अनुदान वळतं होईल त्या दिवशी. आणि त्या भेटींना पदवीची अट नको, गिरणी चालवलेले काका चालतील.

या मागणीच्या निवेदनाचा मसुदा दाराशी टेबलावर ठेवला आहे. सही करालच. पण सहीखाली दोन ओळी लिहा: तुमचा उद्योग कोणत्या महिन्यात अडला आणि त्या दिवशी कोण जवळ असायला हवं होतं, वीजवाला, बँकवाला की मिरची ओळखणारा. ते लिहिलेलं मला हवं आहे. चला, प्रश्न विचारा.