पाणी नितळ झालं, पण गाळाचं काय?

नमस्कार मंडळी. एसटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटमधून, बाहेर पडणारं पाणी नितळ दिसलं की आपण म्हणतो चला, काम झालं. पण त्यातली घाण गेली कुठे हे कोणी विचारत नाही, आणि मला आज त्यावरच बोलायचंय.

उदाहरणादाखल पीव्हीसी हे प्लास्टिक घ्या. ते मुळात कडक असतं, नळाचा पाईप बघा. त्याच पीव्हीसीचा रेनकोट, वायरीचं कव्हर किंवा जमिनीवर अंथरायचं शीट करायचं तर ते मऊ करायला थॅलेट घालतात, त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं म्हणजे डीईएचपी, कधीकधी वजनाच्या 30-40 टक्के सुद्धा. ते प्लास्टिकला पक्कं जोडलेलं नसतं, नुसतं मुरलेलं असतं, त्यामुळे वर्षानुवर्षं थोडंथोडं सुटत राहतं, फरशी पुसली, रेनकोट धुतला की गेलं गटारात. पाण्यात ते जवळपास विरघळतच नाही, कणकेत तेल मुरावं तसं गाळाच्या कणांत मुरतं. पाणी पुढे जातं, हे तळाशी बसतं.

आणि हाच गाळ खत म्हणून शेतात जातो, कारण त्यात नत्र असतं, स्फुरद असतं. युरोपने 1986 साली गाळाचा नियम केला त्यात मर्यादा फक्त जड धातूंना होत्या, कॅडमियम, शिसं, पारा वगैरे. डेन्मार्क मात्र पुढे गेला. तिथे एक किलो कोरड्या गाळात डीईएचपीची मर्यादा आधी 100 मिलिग्रॅम होती, 2000 पासून ती 50 वर आणली. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण मर्यादा आली की हे येतंय कुठून ते शोधावंच लागतं.

त्यांनी एलएएसलाही मर्यादा घातली, म्हणजे कपड्याच्या पावडरीतलं मळ काढणारं रसायन. हवा मिळाली की जिवाणू ते झपाट्याने संपवतात, पण गॅस बनवायच्या बंद डायजेस्टरमध्ये ऑक्सिजनच नाही, तिथे ते बरंचसं तसंच राहतं. त्याच गाळाचं नंतर हवा खेळवून कंपोस्ट केलं की एलएएस उतरतं. डीईएचपी मात्र चिवट आहे हो. अत्तरं आणि कॉस्मेटिक्समधलं लहान साखळीचं थॅलेट जिवाणू सहज फोडतात, याला वेळ लागतो, आणि शेतात गाळाची ढेकळं तशीच राहिली तर आत हवा पोचत नाही, मग ढेकळाच्या पोटात ते महिनोन्महिने टिकतं. म्हणून ढेकळं फोडून मातीत नीट मिसळणं महत्त्वाचं.

एवढी काळजी का, तर गाभण उंदरांना डीईएचपी दिलं तेव्हा पोटातल्या नर पिल्लांचं टेस्टोस्टेरॉन कमी झालं. आपल्या शरीरातून ते एकदोन दिवसांत बरंचसं लघवीवाटे निघून जातं हे खरं, पण रोज नवीन येतच राहतं ना.

आपल्याकडेही सोसायटीच्या एसटीपीचा वाळवलेला गाळ बागेत टाकतात. माझं स्पष्ट मत आहे, थॅलेटची टेस्ट झाल्याशिवाय तो पालक-मेथीच्या वाफ्यात नको. आणि सँपल देताना काचेच्या स्वच्छ बरणीत द्या, झाकणाखाली ॲल्युमिनियम फॉइल लावा, कारण प्लास्टिकची नळी, हातमोजे यांच्यातलंच थॅलेट सँपलमध्ये उतरू शकतं. लॅबकडून आकडा कोरड्या वजनावर मागून घ्या, ओल्या गाळात बहुतेक पाणीच असतं, तो आकडा उगाच कमी दिसतो.