क्युबेकच्या गल्लीबोळांत फ्रेंच बोलताना

(दृश्य : हिवाळ्याची अखेर. अर्धी गोठलेली सेंट लॉरेन्स नदी, कड्यावरचे शहर, तटबंदी, शातो फ्रोंतनाक हॉटेलचे हिरवे छत.)

समोर दिसणारे हे शहर कॅनडातील क्युबेक सिटी आहे. साम्युएल द शाँप्लँ या फ्रेंच दर्यावर्दीने १६०८ साली येथे वसाहत स्थापन केली. १७५९ साली शहराबाहेरच्या पठारावर झालेल्या लढाईनंतर ते इंग्रजांच्या हाती पडले आणि १७६३ च्या पॅरिस तहाने हा सगळा मुलूख ब्रिटिश अमलाखाली गेला. राज्यकर्ते बदलले, तरी घरातली, बाजारातली आणि देवळातली भाषा फ्रेंचच राहिली. आज या शहरातील दहापैकी सुमारे नऊ माणसांची मातृभाषा फ्रेंच आहे, आणि १९७७ च्या भाषा सनदेमुळे दुकानांच्या पाट्यांपासून कचेऱ्यांतील कागदपत्रांपर्यंत सर्वत्र फ्रेंचला पहिला मान आहे. रस्त्यावरच्या लाल अष्टकोनी फलकावरसुद्धा ‘स्टॉप’च्या जागी ‘आरे’ असे लिहिलेले आढळते.

बोस्टनहून निघालेली बस एका दिवसात येथे पोहोचते. त्यामुळे अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत सहावी, सातवी आणि आठवीच्या वर्गांत फ्रेंच शिकणाऱ्या मुलांना अटलांटिक ओलांडून पॅरिसला नेण्यापेक्षा येथे आणणे शाळांना सोपे जाते. मुले अकरा ते चौदा वर्षांची असतात आणि मुक्काम बहुधा चार-पाच दिवसांचा, फार तर आठवडाभराचा असतो. एवढ्या अवधीत भाषा येत नाही, हे प्रथमच स्पष्ट सांगितले पाहिजे. अमेरिकी परराष्ट्र खाते आपल्या अधिकाऱ्यांना फ्रेंच शिकवण्यासाठी तीस आठवडे पूर्णवेळ प्रशिक्षण देते, आणि ती प्रौढ, निवडलेली माणसे असतात. मग चार दिवसांसाठी एवढा खर्च आणि खटाटोप कशासाठी करायचा, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे, याच प्रांतातील एका उपनगरात जावे लागते.

(दृश्य : मॉन्ट्रियलसमोरचा नदीचा दक्षिण काठ, सँ-लाँबेरमधील वस्ती.)

मॉन्ट्रियलच्या पलीकडच्या तीरावर सँ-लाँबेर नावाची वस्ती आहे. १९६० च्या दशकात तेथील इंग्रजीभाषक पालकांच्या लक्षात आले, की आपली मुले वर्षानुवर्षे शाळेत फ्रेंच शिकतात, परीक्षांत उत्तीर्ण होतात आणि तरीही शेजारच्या फ्रेंच घरातील मुलांशी त्यांना चार वाक्ये बोलता येत नाहीत. ओल्गा मेलिकॉफ, म्युरिएल पार्क्स आणि व्हॅलरी नील या तीन मातांनी पुढाकार घेतला, शाळा मंडळाच्या पायऱ्या झिजवल्या आणि सप्टेंबर १९६५ मध्ये सव्वीस मुलांचा एक बालवर्ग सुरू झाला. त्या वर्गात शिक्षिका पहिल्या दिवसापासून फक्त फ्रेंच बोलत होती. गाणी, गणित, डबा खाणे, कोट खुंटीला अडकवणे, सारे काही फ्रेंचमध्ये होई. या पद्धतीला पुढे ‘इमर्शन’ हे नाव मिळाले आणि ती कॅनडाभर पसरली.

मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट आणि त्यांचे सहकारी रिचर्ड टकर यांनी या मुलांचा काही वर्षे पाठपुरावा करून १९७२ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. मुलांचे इंग्रजी मागे पडेल अशी सर्वांना धास्ती होती. सुरुवातीला इंग्रजी वाचनात थोडी पिछाडी दिसली खरी, परंतु शाळेत इंग्रजीचे तास सुरू झाल्यावर ती लवकरच भरून निघाली. मराठी पालकांनी मात्र हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलू नये असे मला वाटते. सँ-लाँबेरच्या मुलांची घरची भाषा साऱ्या खंडावर राज्य करणारी इंग्रजी होती, त्यामुळे तिला धक्का लागण्याचे भय मुळात कमी होते. नवी भाषा आधीच्या भाषेत भर घालते की तिची जागा बळकावते, हा फरक स्वतः लँबर्ट यांनीच पुढे आवर्जून मांडला.

आपल्या विषयाशी अधिक जवळचे संशोधन नंतर झाले. टोरोंटो येथील मेरिल स्वेन यांनी सहावीतील इमर्शन विद्यार्थ्यांची फ्रेंच तपासली आणि १९८५ साली एक अडचणीचे निरीक्षण नोंदवले. या मुलांचे ऐकून समजणे जवळजवळ फ्रेंचभाषक मुलांइतके चांगले होते, पण त्यांच्या स्वतःच्या बोलण्यात व्याकरणाच्या ठळक उणिवा होत्या. स्वेन यांच्या मते कारण असे, की वर्गात मुलांना ऐकायला भरपूर मिळते, मात्र आपले म्हणणे समोरच्याला नेमके कळेपर्यंत शब्द शोधत, वाक्य दुरुस्त करत बोलत राहण्याची वेळ त्यांच्यावर फारशी येत नाही. साध्या शाळेत तर ती त्याहूनही कमी येते. पंचेचाळीस मिनिटांच्या तासात पंचवीस मुले असतील आणि शिक्षक एक शब्दही बोलले नाहीत असे धरले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटेही येत नाहीत. क्युबेकच्या सहलीकडे मी याच नजरेने पाहतो. तिचे मोल तटबंदी, धबधबा किंवा संग्रहालय यांत शोधू नये. एखादा अनोळखी माणूस समोर थांबलेला आहे, त्याला काही विचारायचे आहे आणि ते फ्रेंचमध्येच विचारायचे आहे, असे प्रसंग मुलाच्या वाट्याला किती आले, यावर ते मोल ठरते.

(दृश्य : तटबंदीच्या आतली एक पेस्ट्रीची दुकानवजा बेकरी. तीन मुली आत शिरतात.)

आता या बेकरीत शिरलेल्या मुलींकडे पाहू. पुढे उभी असलेली मुलगी हातमोजे काढून खिशात कोंबते, काचेमागच्या पदार्थांकडे बोट दाखवते आणि बसमध्ये पुनःपुन्हा घोकलेले वाक्य म्हणते. विक्रेती तिचे उच्चार ऐकून चटकन इंग्रजीत उत्तर देते. यात तिचा दोष नाही, कारण पाहुण्याची सोय पाहणे हा तिचा धर्मच आहे. तथापि भाषासहलीची सर्वांत मोठी गळती नेमकी येथे होते. अनुभवी शिक्षक मुलांना यासाठी एक वाक्य आधीच पाठ करून घ्यायला लावतात : ‘आँ फ्राँसे, सिल व्हू प्ले’, म्हणजे कृपया फ्रेंचमध्ये बोला. मुलगी क्षणभर मैत्रिणींकडे बघते, कानांच्या पाळ्या लाल होतात, आणि मग ती ते वाक्य म्हणते. विक्रेती हसते, थांबते आणि तोच प्रश्न फ्रेंचमध्ये सावकाश विचारते : येथेच खाणार, की बांधून देऊ? हा प्रश्न पाठ्यपुस्तकात नव्हता. मुलगी अर्ध्या शब्दांनी, अर्ध्या हातवाऱ्यांनी उत्तर देते, पैसे मोजते, उरलेली नाणी परत घेते. हा सारा व्यवहार एका मिनिटात संपतो, पण या एका मिनिटात तिच्यासाठी कुणीही भाषांतर केलेले नसते.

म्हणून चांगल्या सहलीत चाळीस मुलांचा तांडा एकदम दुकानात नेत नाहीत. दोघा-तिघांच्या जोड्या करतात आणि प्रत्येक जोडीला वेगळे काम देतात : पोस्टाची तिकिटे आणणे, प्लास रोयाल चौकातल्या जुन्या चर्चविषयी एका स्थानिक माणसाला प्रश्न विचारणे, नदीपार लेव्हीला जाणाऱ्या बोटीची वेळ विचारून येणे. शिक्षक हाकेच्या अंतरावर असतात, पण मदतीला धावत नाहीत. हे पथ्य पाळणे शिक्षकांनाच सर्वांत जड जाते.

क्युबेकच्या उच्चारांनी मुले सुरुवातीला गोंधळतात. शाळेतील ध्वनिफितींमध्ये बहुधा फ्रान्सचे उच्चार असतात, तर येथे ‘इ’ आणि ‘यू’च्या जातीच्या स्वरांपूर्वी येणारा ‘त’ हा ‘च’कडे आणि ‘द’ हा ‘ज’कडे झुकतो. मराठी घरातील मुलांना हे दोन्ही ध्वनी आयतेच अवगत असतात, कारण ‘चमचा’ या शब्दातील ‘च’ आणि ‘जग’ या शब्दातील ‘ज’ म्हणजे जवळजवळ तेच उच्चार होत. न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्समधील शाळांत अशी मुले आता पुष्कळ आहेत. क्युबेकचा उच्चार अशुद्ध आहे, हा समज मुलांच्या मनातून आधीच काढून टाकावा. लाखो लोकांच्या तोंडची ती जिवंत, प्रतिष्ठित फ्रेंच आहे.

(दृश्य : मेपलचे बन. झाडांना जोडलेल्या नळ्या, लाकडी झोपडी, चुलाण्यातून उठणारी वाफ.)

मार्च-एप्रिलमध्ये रात्री पाणी गोठते आणि दिवसा वितळते, तेव्हा मेपलच्या खोडातून गोडसर रस पाझरतो. साधारण चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर पाक मिळतो. जगातील मेपलच्या पाकाचा फार मोठा हिस्सा याच प्रांतातून येतो. या पाकाच्या झोपड्यांना ‘कबान आ सुक्र’ म्हणतात आणि मोसमात तेथे आपल्याकडच्या गुऱ्हाळासारखी वर्दळ असते.

येथे भाषा शिकण्याची रीत बेकरीपेक्षा निराळी आहे. लांबट लाकडी पन्हाळीत स्वच्छ बर्फ दाबून भरलेले आहे. पाक आटवणारा माणूस त्यावर कढत, घट्ट पाकाच्या बोटभर रुंद रेघा ओततो. मुले काड्या घेऊन झेपावतात आणि तो म्हणतो, ‘आताँ’, थांब. पाक वरून चिवट होऊ लागतो. मग तो म्हणतो, ‘रूल’, गुंडाळ. काडी पाकात टेकवून हळूहळू फिरवली, की सोनेरी गोळा तिच्यावर चढत जातो, आणि घाई करणाऱ्याचा पाक बर्फावरच लोंबकळत राहतो. आज्ञार्थाचे कोष्टक वहीत तीनदा लिहूनही ज्यांच्या डोक्यात शिरले नव्हते, ती मुले आता शेजाऱ्याला तीच क्रियापदे ओरडून सांगत आहेत.

जेवणाच्या लांब बाकांवर वाटाण्याचे सूप, भाजलेल्या शेंगबिया, ऑम्लेट आणि मांसाचे नाना प्रकार येतात. शाकाहारी कुटुंबांनी येथे सावध असावे. सूपमध्ये बहुधा डुकराचे मांस असते आणि बियाही पुष्कळदा त्याच चरबीत शिजवलेल्या असतात. ‘मी मांस खात नाही’ एवढे फ्रेंच वाक्य पुरेसे नसते. सूप कशात शिजवले आहे, असा पुढचा प्रश्न मुलाला विचारता आला पाहिजे, आणि स्वयंपाकघरातून येणारे उत्तर समजलेही पाहिजे. ज्याला खरोखर काही टाळायचे आहे, त्याचे फ्रेंच या टेबलावर सर्वांत वेगाने सुधारते.

शहरापासून जवळच वेंडाके ही ह्युरॉन-वेंडाट या आदिवासी राष्ट्राची वस्ती आहे. येथील वाटाडे मुलांशी फ्रेंचमध्ये बोलतात. त्यांची स्वतःची वेंडाट भाषा शतकाहून अधिक काळ कुणाच्या ओठांवर नव्हती. जुन्या जेझुइट मिशनऱ्यांनी लिहून ठेवलेल्या शब्दकोशांच्या आणि व्याकरणांच्या आधारे ती आता पुन्हा शिकवली जात आहे. फ्रेंच शिकायला आलेल्या मुलांनी ही भेट चुकवू नये, असा माझा आग्रह आहे.

(दृश्य : संध्याकाळ. उपनगरातील एक घर, स्वयंपाकघरातील टेबल.)

खर्चाच्या आणि सुरक्षिततेच्या कारणांनी अनेक शाळा हॉटेल निवडतात, आणि तेथे चाळीस मुले रात्रभर एकमेकांशी इंग्रजीत गप्पा मारतात. स्थानिक कुटुंबात दोन-दोन मुले ठेवण्याची व्यवस्था अधिक कष्टाची आहे : कुटुंबांची आगाऊ पडताळणी, ॲलर्जी आणि औषधांची माहिती, रात्री-अपरात्री उचलला जाणारा शिक्षकांचा फोन. तरीही माझे मत या व्यवस्थेच्या बाजूने आहे. टॉवेल कुठे आहे, कुत्रा चावतो का, उद्या किती वाजता निघायचे, हे सगळे घराच्या यजमानीणबाईंनाच विचारावे लागते. जेवताना घरातील धाकटा मुलगा आईस हॉकीवर अखंड बोलतो आणि कुणाला समजते आहे की नाही याची मुळीच पर्वा करत नाही. शिक्षक विद्यार्थ्यासाठी नकळत सोपे बोलतात, नऊ वर्षांचा मुलगा तसे करत नाही.

कागदपत्रांबाबत भारतीय कुटुंबांनी विशेष काळजी घ्यावी. वर्गातील अमेरिकी नागरिक मुले शाळेच्या गटाबरोबर, पालकांच्या संमतीने, जन्मदाखल्यावरही जमिनीवरची सीमा ओलांडू शकतात. मात्र आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत राहणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाला कॅनडाचा व्हिसा आधी काढावा लागतो. शाळेच्या पत्रकात ही बाब राहून जाण्याची शक्यता असते, म्हणून सहलीची नोंदणी होताच ती स्वतः विचारून घ्यावी.

कॅनडात राहणाऱ्यांसाठी आणखी एक मार्ग आहे. ओंटारिओत चौथीपासून आठवीपर्यंत फ्रेंच सक्तीचे असल्याने टोरोंटो आणि मिसिसागा परिसरातील मराठी मुलेही ते शिकतातच. केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्याने चालणाऱ्या आदानप्रदान योजनांत बारा ते सतरा वर्षांच्या मुलांच्या गटाची जोडी दुसऱ्या प्रांतातील गटाशी लावून देतात. आधी एक गट पाहुणा होतो आणि काही आठवड्यांनी तोच यजमान होतो. क्युबेकची मुले ओंटारिओतील घरी येतात, तेव्हा त्यांना इंग्रजीचा सराव हवा असतो. त्यामुळे कोणत्या वेळी कोणती भाषा बोलायची हे दोन्ही गटांचे शिक्षक आधी ठरवून देतात, आणि सकाळची वेळ फ्रेंचसाठी ठरली असेल, तर गरम पाण्याचा नळ कोणत्या बाजूला फिरवायचा, पोह्यांत कढीपत्ता का आहे आणि तो खायचा की बाजूला काढायचा, हे घरच्या मुलाला फ्रेंचमध्येच समजावून सांगावे लागते.